एका पासावर युरोप

युरोपचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'आपल्याला कुठलं परवडायला!' आणि दुसरं, 'जायचंच तर टूर कंपनीबरोबर जावं, डोक्याला ताप नाही.' या दोहोंच्या मधला एक रस्ता आहे आणि तो रुळांवरून जातो. पाठीवर एक पिशवी, खिशात रेल्वेचा पास, रात्री राहायला एखादं युथ हॉस्टेल, अशा बेतानं युरोपातली लाखो तरुण मुलं १९७२ सालापासून देशोदेशी हिंडत आली आहेत. हा प्रवास आपल्यालाही आखता येतो. तो कसा आखायचा ते सांगणारच आहे. पण ही स्वस्ताई आली कुठून, तेही त्याबरोबर सांगायला हवं. ती काही दुकानदारानं दिवाळीत दिलेली सूट नाही. तिच्यामागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा कटू आहे.

सुरुवात एका पुलापासून करू. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरून ऱ्हाईन नदी वाहते. नदीच्या या काठाला फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग शहर आणि पलीकडच्या काठाला जर्मनीतलं केल हे छोटं गाव. १८६१ साली या दोन काठांना जोडणारा रेल्वेचा पूल झाला. तेव्हा जर्मनी हा एक देश झालेला नव्हता. पलीकडे बाडन नावाचं संस्थान होतं. पूल बांधायचा हे दोघांनाही मान्य होतं, पण एकमेकांचा भरवसा नव्हता. म्हणून पुलाची दोन्ही टोकं फिरती ठेवली. उद्या शत्रूची गाडी येते आहे असं वाटलं, तर ज्यानं त्यानं आपल्या बाजूचं टोक फिरवून वाट बंद करायची! नऊ वर्षांनी, १८७० साली, खरोखरच युद्ध पेटलं आणि बाडनच्या सैन्यानं आपल्या बाजूचं टोक सुरुंग लावून उडवलं. पुढे १९४० साली आणि पुन्हा १९४४ साली इथले पूल असेच तुटले.

आज त्याच ठिकाणी ट्राम धावते. २०१७ सालापासून स्ट्रासबर्गची ट्राम नदी ओलांडून थेट केलला जाते. फ्रान्समधली माणसं साबण-शाम्पू स्वस्त मिळतो म्हणून पिशव्या घेऊन जर्मनीत जातात आणि संध्याकाळी घरी परततात. युरोपातला स्वस्त रेल्वेप्रवास म्हणजे काय, हे समजायला एवढा एक पूल पुरेसा आहे.

आता थोडं मागे जाऊ. सामान्य माणसानं रेल्वेनं सहलीला जावं, ही कल्पना रुजवली ती थॉमस कुक या इंग्रज गृहस्थानं. हा मूळचा सुतारकाम करणारा, धार्मिक वृत्तीचा आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. ५ जुलै १८४१ रोजी त्यानं लेस्टरहून लफबरो या गावी दारूबंदीच्या मेळाव्यासाठी सुमारे पाचशे माणसं एका खास गाडीनं नेली. जाऊन-येऊन भाडं फक्त एक शिलिंग. घाऊक तिकिटं घेतली की रेल्वे कंपनी भाडं कमी करते, हे त्याच्या लक्षात आलं. तिथून पुढे हाच त्याचा धंदा झाला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं त्यानं इंग्रज प्रवाशांना ब्रसेल्स, कोलोन, ऱ्हाईनकाठ आणि पॅरिस दाखवून आणलं. हॉटेलची कुपनं, गोल फेरीची तिकिटं या सोयी त्यानं लोकप्रिय केल्या. एकट्या बायकांनाही कुकच्या तिकिटावर बेधडक फिरता येऊ लागलं. १८८१ साली त्याच्या कंपनीचं कार्यालय मुंबईतही उघडलं.

मार्च १८७३ मध्ये कुक कंपनीनं युरोपातल्या गाड्यांचं एकत्र वेळापत्रक छापलं. हे वेळापत्रक म्हणजे रेल्वेनं फिरणाऱ्यांची पोथीच. कुठली गाडी कुठे मिळते, जोडगाडीला किती मिनिटं आहेत, सीमेवर गाडी किती वेळ थांबते, सगळं त्यात असे. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं आणि १९४६ साली पुन्हा निघालं. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीनं ते बंद केलं, तेव्हा संपादकांपैकीच काहींनी २०१४ सालापासून ते स्वतंत्रपणे चालू ठेवलं. मूळची इंग्लंडमधली कुक कंपनी मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली. तिच्या वेळापत्रकाची परंपरा तिच्यापेक्षा जास्त टिकली!

पण नुसतं वेळापत्रक छापून गाडी सीमेपलीकडे जात नाही. त्यासाठी अनेक कंटाळवाण्या गोष्टींवर एकमत व्हावं लागतं. पहिली म्हणजे रुळांमधलं अंतर. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टीफन्सननं चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर अंतर वापरलं आणि बहुतेक युरोपनं तेच उचललं. स्पेननं मात्र रुंद रूळ घातले, जवळजवळ आपल्या ब्रॉडगेजएवढे. परिणाम असा की फ्रान्समधून स्पेनमध्ये जाताना सीमेवर उतरायचं, सामान उचलायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९९२ साली माद्रिद-सेव्हिल हा वेगवान मार्ग बांधताना स्पेननं अखेर १४३५ मिलिमीटरचे रूळ घातले. मीटरगेजवरून ब्रॉडगेजला गाडी बदलण्याची कटकट आपल्या मागच्या पिढीनं मिरजेला पुष्कळ अनुभवली आहे. त्यामुळे हे दुखणं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी असे. मुंबईची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईनं आपली वेळ कितीतरी वर्षं सोडली नाही. युरोपातही हीच तऱ्हा. फ्रान्समध्ये तर स्टेशनच्या बाहेरचं घड्याळ एक वेळ दाखवी आणि आतलं, फलाटावरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं मागे ठेवलेलं असे. हेतू हा की धावतपळत येणाऱ्याला गाडी मिळावी. हा प्रकार १९११ सालापर्यंत चालू होता. जर्मनीत १ एप्रिल १८९३ रोजी एकच वेळ लागू झाली. तिच्यासाठी सगळ्यात आग्रह कुणी धरला होता? सेनापती मोल्टकेनं. सैन्य वेळेवर सीमेवर पोचवायचं, तर देशात एकच घड्याळ हवं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे प्रवाशांची सोय आणि युद्धाची तयारी एकाच घड्याळावर चालली होती.

तिसरी गोष्ट हिशेबाची. तिकीट एका कंपनीनं विकलं, गाडी दुसऱ्या कंपनीची आणि रूळ तिसरीचे, तर पैसे कुणाला किती? इंग्लंडमध्ये १८४२ सालीच यासाठी एक स्वतंत्र हिशेबघर निघालं होतं. देशादेशांमध्ये अशी व्यवस्था लावण्यासाठी १९२२ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटना स्थापन झाली. हिचं नाव लक्षात असू द्या, पुढे ती पुन्हा येणार आहे.

दरम्यान श्रीमंतांची सोय झाली होती. जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियन माणसानं शयनयानांची कंपनी काढली आणि ४ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसच्या पूर्व स्टेशनातून 'ओरिएंट एक्स्प्रेस' सोडली. मखमल, झुंबरं, पाच-सात पदार्थांचं जेवण असा थाट होता. गरिबाला तिसऱ्या वर्गाचा लाकडी बाक होताच, पण मुक्कामी पोचल्यावर राहायचं कुठे?

त्याचं उत्तर एका शाळामास्तरानं शोधलं. रिचर्ड शिरमान हे त्यांचं नाव. २६ ऑगस्ट १९०९ रोजी हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात सापडले. एका खेड्यातल्या शाळेच्या वर्गात गवत पसरून मुलांना झोपवावं लागलं. सुट्टीत सगळ्या शाळा रिकाम्याच असतात, मग त्या मुलांच्या मुक्कामाला का वापरू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. १९१२ साली अल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उघडलं. आपल्याकडचे ट्रेकर ज्या युथ हॉस्टेल संघटनेच्या शिबिरांना जातात, ती याच जागतिक परिवारातली. युरोपात आजही एका खोलीत सहा-आठ कॉट, सार्वजनिक स्वयंपाकघर आणि स्वच्छ न्हाणीघर अशी ही व्यवस्था हॉटेलच्या मानानं पुष्कळ स्वस्त पडते.

पण त्यानंतर दोनच वर्षांनी रेल्वेनं तरुणांना सहलीऐवजी खंदकांत पोचवायला सुरुवात केली. १९१४ सालच्या युद्धाची सैन्यं आगगाड्यांच्या वेळापत्रकाबरहुकूम हलली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मनीनं शस्त्रसंधीवर सही केली तीही रेल्वेच्याच डब्यात. डबा नागेलमाकर्सच्या कंपनीचा, क्रमांक २४१९. जून १९४० मध्ये हिटलरनं हट्टानं तोच डबा त्याच जागी आणवला आणि या वेळी शरणागतीच्या अटी फ्रान्सपुढे ठेवल्या.

आणि मग आला या इतिहासातला सगळ्यात काळा भाग. नाझींनी ज्यूंना मृत्युछावण्यांमध्ये पाठवलं ते रेल्वेनं. त्या गाड्यांचाही हिशेब होता. जर्मन रेल्वे सरकारी खात्याकडून भाडं आकारत असे, तिसऱ्या वर्गाच्या दरानं, दर किलोमीटरमागे. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून अधिक माणसं असली तर घाऊक सवलत. माणसांसाठी एकेरी भाडं आणि पहारेकऱ्यांसाठी जाऊन-येऊन. थॉमस कुकनं पाचशे माणसांसाठी मिळवलेली घाऊक सवलत आणि ही सवलत, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. रेल्वे, वेळापत्रक, सवलतीचं तिकीट ही सगळी साधनं आहेत. ती कशासाठी वापरायची, हे माणसांनाच ठरवावं लागतं.

युद्ध संपल्यावर युरोपनं ते नव्यानं ठरवायला घेतलं. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका छत्राखाली आणण्याची योजना मांडली. रेल्वेतही बदल होत गेले. जून १९५६ मध्ये पश्चिम युरोपच्या बहुतेक देशांनी तिसरा वर्ग रद्द केला. आपल्याकडे तो १९७४ साली गेला आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवायला सुरुवात झाली ती मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ नंतर. गरिबाच्या प्रवासात सुख आणायचं की नाही हा निर्णय राजकीय असतो, तो असा.

१९५९ साली युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी 'युरेल पास' निघाला. एक पास, तेरा देश. तो मुख्यतः अमेरिकन प्रवाशांच्या डॉलरसाठी होता. युरोपातल्या स्वतःच्या मुलांसाठी मात्र काही नव्हतं. ते आलं १९७२ साली. मघाशी जिचं नाव लक्षात ठेवायला सांगितलं, त्या आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं एक भेट म्हणून 'इंटररेल' पास काढला गेला. वय एकवीसपर्यंत, मुदत एक महिना, दुसरा वर्ग, देश एकवीस. ब्रिटनमध्ये त्याची किंमत होती साडेसत्तावीस पौंड. त्या एकवीस देशांत पोलादी पडद्याआडचे हंगेरी, पोलंड, पूर्व जर्मनीही होते. ही योजना एकाच वर्षापुरती होती, पण मुलांची अशी झुंबड उडाली की ती बंद करणं कुणाला शक्य झालं नाही. वयाची अट आधी तेवीस आणि मग सव्वीसवर गेली. १९९८ सालापासून ती सर्वांना खुली झाली.

ज्यांच्या आज्यांनी एकमेकांच्या देशांचे बाँब झेलले होते, ती मुलं आता एका डब्यात पाव आणि चीज वाटून खात होती. हे काही भाबडं स्वप्न नव्हतं. नेत्यांनी बैठकांत जे ठरवलं, ते या मुलांनी आपल्या पायांनी पक्कं केलं. १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीवरच्या एका बोटीत शेंगेन करारावर सह्या झाल्या आणि २६ मार्च १९९५ पासून त्यात सामील देशांच्या सीमांवरची तपासणी उठली. २०१८ सालापासून युरोपीय संघ 'डिस्कव्हर ईयू' योजनेखाली अठरा वर्षांच्या हजारो मुलामुलींना दरवर्षी रेल्वेचा पास फुकट देतो आहे.

आता आपल्या आखणीकडे येऊ. इंटररेल पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. राहणाऱ्यांसाठी म्हणजे तिथल्या नागरिकांसाठीच असं नव्हे. जर्मनीत शिकायला गेलेली पुण्याची मुलगी तो घेऊ शकते. तिला भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनी मात्र युरेल पास घ्यायचा. आज दोन्ही पास तेहतीस देशांत चालतात. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि साठीच्या पुढच्यांना सवलत आहे. मोठ्यांबरोबर असलेली बारा वर्षांखालची मुलं पासावर फुकट. सलग दिवसांचा पास असतो, तसाच 'महिन्यातले कुठलेही चार किंवा सात दिवस' असाही असतो. एका शहरात दोन-तीन दिवस मुक्काम करणाऱ्याला हा दुसरा पास सोयीचा.

पण पास घेतलाच पाहिजे असं नाही. साधं गणित करा. पासाच्या किमतीला प्रवासाच्या दिवसांनी भागा. एका दिवसाचा जो खर्च निघेल, तो त्या मार्गाच्या सुट्या तिकिटाशी ताडून पाहा. विमानासारखी रेल्वेची तिकिटंही तिथे काही महिने आधी काढली तर स्वस्त आणि आदल्या दिवशी काढली तर महाग पडतात. तारखा पक्क्या असतील तर सुटी तिकिटं बहुधा स्वस्त ठरतात. मन मोकळं ठेवून फिरायचं असेल तर पास.

शिवाय एक छुपा खर्च लक्षात ठेवा. १९८१ साली फ्रान्समध्ये पॅरिस-लिऑन मार्गावर अतिवेगवान गाडी सुरू झाली आणि तिच्याबरोबर सक्तीचं आरक्षण आलं. फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या अशा गाड्यांना पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी, ऑस्ट्रियात दिवसाच्या बहुतेक गाड्यांना ही सक्ती नाही. पास घ्या आणि फलाटावर जाऊन गाडीत बसा. म्हणून पासवाल्याचा पैसा मध्य युरोपात सगळ्यात जास्त वसूल होतो.

रात्रीच्या गाड्यांनी एका रात्रीचं हॉटेल वाचतं, ही युक्ती आपल्याला नवी नाही. मध्यंतरी स्वस्त विमानांमुळे त्या गाड्या भराभर बंद पडल्या. जर्मन रेल्वेनं तर डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या सगळ्या शयनगाड्या थांबवल्या. त्यातल्या काही ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं चालवायला घेतल्या. यातल्या काही गाड्या येतात, काही जातात, म्हणून आयत्या वेळी खात्री करून घ्यावी. बर्थचं आरक्षण मात्र लवकर करावं. आणि पासावर रात्रीची गाडी पकडली, तर गाडी न बदलता सकाळपर्यंतचा प्रवास निघाल्या दिवसाचाच धरला जातो.

व्हिसा शेंगेनचा, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. ब्रिटन यात येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा आणि वेगळा खर्च. तेव्हा पहिल्या खेपेला लंडन गाळलेलं बरं. विमान जाताना एका शहरात आणि येताना दुसऱ्या शहरातून घ्या. म्हणजे परतीचा रेल्वेप्रवास वाचतो.

नमुन्यादाखल एक मार्ग सांगतो. पंधरा-सोळा दिवसांत पॅरिस, स्ट्रासबर्ग, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. पॅरिसच्या पूर्व स्टेशनातून निघायचं, जिथून ओरिएंट एक्स्प्रेस सुटली होती. दोन तासांच्या आत स्ट्रासबर्ग. इथे एक गंमत पाहा. फ्रान्समध्ये गाड्या डाव्या रुळावरून धावतात, पण या अल्सास भागात उजव्या. कारण १८७१ ते १९१८ हा भाग जर्मनीकडे होता आणि जर्मन पद्धतीचे रूळ, सिग्नल बदलण्याचा खर्च नंतर कुणी केला नाही. जुन्या सीमेपाशी एक रूळ दुसऱ्यावरून उड्डाण करून बाजू बदलतो. इतिहासाची अशी खूण पुस्तकापेक्षा खिडकीतून जास्त कळते. मग ट्रामनं ऱ्हाईन ओलांडून केलला जाऊन या आणि दुसऱ्या दिवशी बर्लिन गाठा. तो प्रवास दिवसभराचा आहे, डबा बरोबर ठेवा.

बर्लिनमध्ये लोकलनं ग्रुनेवाल्ड स्टेशनला उतरा. सतरा नंबरच्या फलाटावर आता गाडी येत नाही. रुळांच्या कडेनं लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत आणि प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू नेले तो आकडा आणि कुठे नेले ते ठिकाण कोरलेलं आहे. हे स्मारक १९९८ साली उभं राहिलं, जर्मन रेल्वेनंच उभारलेलं. प्रवेश फुकट.

बर्लिनहून प्रागला जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. ड्रेस्डेन सोडलं की एल्ब नदी आणि वाळूच्या दगडाचे कडे दिसतात. १९८९ सालच्या ३० सप्टेंबरच्या रात्री याच भागातून उलट दिशेनं बंद गाड्या धावल्या. प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेले हजारो पूर्व जर्मन नागरिक त्यांतून पश्चिमेकडे गेले. चाळीस दिवसांनी बर्लिनची भिंत कोसळली. प्रागच्या मुख्य स्टेशनात पहिल्या फलाटावर निकोलस विंटन यांचा पुतळा आहे, कडेवर एक मूल आणि शेजारी दुसरं. १९३९ साली या तरुण इंग्रजानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ६६९ मुलांना इथून रेल्वेनं इंग्लंडला पोचवलं. त्यांतली बहुतेक ज्यू होती. सुमारे २५० मुलांची शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ रोजी निघायची होती. त्याच दिवशी युद्ध सुरू झालं आणि ती निघालीच नाही.

पुढे साधारण चार तासांवर व्हिएन्ना आणि तिथून पावणेतीन तासांच्या आत बुडापेस्टचं केलेटी स्टेशन. इमारत देखणी आहे. पण २०१५ सालच्या सप्टेंबरमध्ये हजारो निर्वासित इथे अडकून पडले होते, त्यांत सीरियातले पुष्कळ. त्यांतल्या अनेकांनी रांगेत उभं राहून व्हिएन्ना, म्युनिकची तिकिटं काढली होती, पैसे मोजले होते. पोलिसांनी त्यांना स्टेशनात येऊ दिलं नाही. दोन दिवसांनी दरवाजे उघडले, माणसं गाडीत चढली, तर ती गाडी बिच्के नावाच्या स्टेशनात थांबवली. तिथे छावणी होती. मग बुडापेस्टहून मोठ्या संख्येनं लोक ऑस्ट्रियाच्या दिशेनं पायी चालू लागले आणि ४ सप्टेंबरच्या रात्री ऑस्ट्रिया आणि जर्मनीनं त्यांना येऊ द्यायचं ठरवलं. त्यानंतर अनेक देशांनी सीमांवर तपासणी पुन्हा आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीनं ती आपल्या सगळ्या भूसीमांवर लावली. म्हणून गाडीत पासपोर्ट बॅगेत न ठेवता अंगावर ठेवा.

ही उघडी सीमा कुणी कायमची लिहून दिलेली नाही. करार होते तोवर गाड्या धावल्या, करार मोडले तेव्हा पूल उडाले. सध्या तिथे पुलावरून ट्राम जाते आहे आणि आपल्यालाही तिच्यात बसता येतं. तेव्हा जायचा विचार असेल तर नकाशा काढा, तारखा ठरवा आणि व्हिसाचा अर्ज दोन-तीन महिने आधी करा. सामान एवढंच घ्या की ते स्वतःला उचलता येईल. युरोपातल्या स्टेशनांवर हमाल शोधून सापडत नाही.